वसईतला 'ख्रिस्ती माणूस आणि युद्ध' वर्ग, जाऊन आलो
आमच्या वसईतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये तीन रविवारचा वर्ग केला, फी 100 रुपये, त्यात चहा-बटाटेवडा, म्हणजे पैसे तिथेच वसूल. मला वाटलेलं एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा, विषय संपला. पण फादरनी पहिल्याच दिवशी बायबलमधलं लूक 22:36 काढलं, अंगरखा विका पण तलवार घ्या, आणि लगेच मत्तय 26:52, तलवार धरणारे तलवारीनेच मरतील, आता बोला! मग 13व्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस, त्याच्या न्याय्य युद्धाच्या तीन अटी, अधिकृत सत्ता, योग्य कारण, शुद्ध हेतू, हे एकदम भारी समजावलं. स्वतःचा जीव वाचवताना समोरचा गेला तर पाप नाही पण गरजेपेक्षा जास्त मारलंत तर आहे, असं चाललेलं तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मावशी, "मग 1739 ला चिमाजी आप्पा पोर्तुगीजांवर चालून आले तेव्हा बाजू कोणाची बरोबर होती ओ फादर?" अख्खा हॉल गप्प. फादर हसले फक्त.

क्वेकर, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक शस्त्रच धरत नाहीत, त्यांना दहा मिनिटांत उरकलं, हे नाही पटलं. चार स्टार. डास भयंकर आहेत, ओडोमॉस लावून जा, तिथे अहिंसा जमत नाही.