सहा हजारांत माझा आवाज गेला

कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, आवाजाची कामं करते. सराफाची जाहिरात, रिक्षावरून फिरणारं 'खूशखबर! खूशखबर!', निवडणुकीचा प्रचार, मधूनच एखादं डबिंग. मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ऑडिओबुकसाठी मराठी बाईचा आवाज हवाय, आधी नमुना पाठवा, ६,००० रुपये देऊ. आमच्या धंद्यात नमुन्याला कोण पैसे देतं? तिथंच पाल चुकचुकायला हवी होती.

नमुना म्हणजे ६०० वाक्यं! कपाटात गोधड्या टांगून चार रात्री वाचत होते. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. 'गाडी सुटली.' 'सत्त्याहत्तर रुपये एकोणऐंशी पैसे.' मग तेच वाक्य रागानं, हसत, रडवेलं होऊन. मागं संगीत नको, श्वास कापू नका, असंही बजावलेलं. असलं कुठलं पुस्तक असतं हो? आवाजाची वरवरची नक्कल मशीन मिनिटभराच्या रेकॉर्डिंगवरूनही करतं. रागलोभासकट आवाज हवा असला की असं भरपूर, स्वच्छ रेकॉर्डिंग लागतं. हे मला नंतर कळलं.

दिवाळीत सासूबाई मोबाईलवर डब केलेली परदेशी मालिका बघत होत्या. मला हाक मारली, "अगं, ही तूच की!"

मी ते काम केलंच नव्हतं. पण आवाज माझाच. 'पण' म्हणायच्या आधी मी हळूच श्वास घेते, तोसुद्धा होता. फक्त 'चोर'मधला 'च' हिंदीतला लागला होता, 'चहा'तल्यासारखा. शब्दही नेमका तोच!

पैसे घेताना एका लिंकवर 'सहमत' दाबलं होतं, ते आता उघडून वाचलं. सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, आवाजाचं मॉडेल, म्हणजे माझ्यासारखा बोलणारा कृत्रिम आवाज, बनवण्याच्या हक्कासह. त्या माणसाचा नंबर बंद. वकिलांना म्हटलं, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करायला मनाई केली होती की. ते म्हणाले, "त्यांनी परवानगीच दिली नव्हती, ताई. तुम्ही दिलीय." सायबर पोलिसांत अर्ज दिलाय, बघू.

आता कुणी सुटी वाक्यं वाचायला सांगितली की आधी विचारते, कशासाठी? आणि प्रत्येक बिलावर हातानं लिहिते: 'आवाज फक्त याच कामासाठी. यावरून कृत्रिम आवाज बनवायचा नाही.' परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "मॅडम, तेवढी ओळ काढा, बाकी रेट मान्य." नाही काढली. त्यानं परत फोन केला नाही.