व्हॅलेहोचं वॉटर टेक्स्चर: पाणबुडीच्या डायोरामात कुठवर पुरतं?

व्हॅलेहो या स्पॅनिश कंपनीची वॉटर टेक्स्चरची २०० मिलीची बाटली डायोरामासाठी, म्हणजे मॉडेलभोवती उभारलेल्या छोट्या देखाव्यासाठी, घेताना बहुतेकांची एक गल्लत होते. नाव 'वॉटर', म्हणून सगळं पाणी यातूनच उभं करायचं असं वाटतं. प्रत्यक्षात हे घट्ट अॅक्रिलिक जेल आहे. ते पाण्याची खोली दाखवत नाही, फक्त वरची कातडी बनवतं. तेवढ्या कामात मात्र ते उत्तम आहे.

पारख १:३५० मापातल्या टाइप सात-सी यू-बोटीवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवर करू. मूळ बोट ६७.१ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १९.२ सेंमी. पृष्ठभागावर चालताना तिचा पाण्याखालचा भाग सुमारे ४.७ मीटर, मॉडेलवर साडेतेरा मिमी. २६ × ९ सेंमीच्या चौकटीत ३ सेंमी खोल समुद्र हवा असेल तर एवढी जाडी जेलने भरूच नये. जेलमधलं पाणी उडून ते सुकतं. थर जाड असला की वर कातडं धरतं, आतला ओलावा अडकतो आणि मधोमध दुधी डाग कायमचा राहतो.

खोलीसाठी इपॉक्सीच हवं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारं द्रव, तेही ओतकामाचं. टेबलावर चकाकीसाठी वापरतात ते नको, जाड ओतलं की ते तापतं आणि प्लॅस्टिकचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, वाकतो. वर सांगितलेल्या चौकटीला सुमारे ७५० ग्रॅम लागेल. वजनाने २:१ प्रमाण असेल तर ५०० ग्रॅम रेझिन, २५० ग्रॅम हार्डनर. काही कंपन्या प्रमाण वजनाने देतात, काही आकारमानाने. लेबल नीट वाचा, कारण इथे चुकलं तर रेझिन चिकटच राहतं. एकेक सेंमीचे तीन थर द्या, तळाचा सर्वांत गडद. रंग थेंबाथेंबानेच घाला. अटलांटिक करडा-हिरवट असतो, पोस्टकार्डावरचा निळा नव्हे. पुढचा थर आधीचा अजून किंचित चिकट असताना ओतावा. पूर्ण कडक झाला असेल तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुसून मगच.

हल पोकळ ठेवू नका. एवढ्याशा मॉडेलवरही वर ढकलणारा जोर वीसेक ग्रॅमचा असतो, नुसत्या गोंदावर ते टिकेल याचा भरवसा नाही. शिवाय आतली हवा तापून सांध्यांतून बुडबुडे सोडते. हल पुटीने भरा, सांधे बंद करा आणि खालून दोन पारदर्शक अॅक्रिलिक दांड्यांवर बसवा. रेझिनमध्ये त्या जवळजवळ दिसत नाहीत. लाकडी तळ असेल तर त्यावर आधी रेझिनचा पातळ हात मारून तो सुकू द्या. चौकटीच्या आतल्या बाजूला पॅकिंग टेप लावली की भिंती सहज सुटतात. रेलिंग आणि तारा शेवटी लावा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो. कोमट पाण्याने धुऊन, सुकवून, हलकं घासल्याशिवाय त्यावर जेल धरत नाही.

आता खरी बाटली. अटलांटिक, पॅसिफिक अशा रंगीत बाटल्याही मिळतात, पण रेझिनवर त्या लावल्या की खाली मेहनतीने साधलेली खोली झाकली जाते. पारदर्शकच घ्या. लावताना ती पांढरी दिसते, घाबरू नका, सुकल्यावर काचेसारखी होते. दोन मिमीपेक्षा जाड थर नको आणि थरांमध्ये एक दिवस जाऊ द्या, दमट हवेत दोन. हेअर ड्रायरची गरम हवा मारली तर फोड येतात. जेल सुकताना आकसतं, लाटांचे माथे बसतात, म्हणून दुसरा हात फक्त माथ्यांवर द्यावा. जुन्या ब्रशने एकाच दिशेने टिपत गेलं की वाऱ्याच्या लहरी चांगल्या येतात.

लाटेचं माप सांभाळा. तीन मीटरची लाट या मापात साडेआठ मिमी भरते. तीन सेंमीचा डोंगर केलात तर साडेदहा मीटरचं वादळ झालं, आणि त्या वादळात बोटीच्या मनोऱ्यावरच्या ब्रिजवर निवांत उभी माणसं ठेवली की सगळंच हास्यास्पद.

बोटीमागे पसरणारी लाटांची पाचर कोनमापकाने आखा. खोल पाण्यात ती बोटीच्या दोन्ही बाजूंना सुमारे १९.५ अंशांची असते, मग वेग कमी असो वा जास्त. या बोटीची खरी मजा मात्र बाजूच्या फुगीर टाक्यांवर असते: पाणी त्यांच्यावर चढून पांढरं होतं आणि हलच्या खाचांतून ओघळतं. या खाचा नीट पाहायच्या असतील तर जर्मनीत लाबो इथे यू-९९५ वाळूवर ठेवली आहे, तिचे फोटो समोर ठेवा.

फेसासाठी याच कंपनीची फोम अँड स्नो पेस्ट मिळते. १:३५० ला ती नुसती लावली तर बर्फ वाटते. पारदर्शक जेलमध्ये निम्मी मिसळा, सुकल्यावर माथ्यांवर पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. उडणाऱ्या तुषारांसाठी उशीतल्या पॉलिएस्टर तंतूंची अगदी विरळ धाग्यांची जाळी पुरते. कापूस गोळ्यासारखा दिसतो.

अशा चौकटीला दोन हात धरून शंभर मिलीच्या आत जेल लागतं, म्हणजे एका बाटलीत दोन डायोरामा होतात. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा दाबून ठेवला नाही तर उरलेल्यावर साय धरते.