बुश आणि गिअरसाठी नायलॉन की डेल्रिन? पुण्याच्या हवेत निवड करताना

एप्रिलमधली पुण्याची दुपार खडखडीत कोरडी असते, जुलैत तीच हवा दमट होते. उन्हाळ्यात भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये टर्न केलेला नायलॉनचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) पावसाळ्यात शाफ्टवर आवळतो, तेव्हा बोल लेथवाल्याला लागतो. खरं कारण वेगळंच असतं: नायलॉन पाणी पितं. म्हणून नायलॉन आणि ॲसिटल यांच्यात निवड करताना आधी पाण्याचा आकडा बघा, ताकदीचा नंतर. (बाजारात सगळ्याच ॲसिटलला डेल्रिन म्हणतात. खरं तर डेल्रिन हे ड्यूपाँटनं रूढ केलेलं ब्रँडचं नाव आहे आणि ते होमोपॉलिमर आहे, म्हणजे रेणूंची साखळी एकाच प्रकारच्या कड्यांची. रॉड म्हणून मिळतं ते बऱ्याचदा कोपॉलिमर, म्हणजे दोन प्रकारच्या कड्यांचं असतं.)

50 टक्के आर्द्रतेच्या हवेत नायलॉन 6 कालांतराने वजनाच्या अडीच ते तीन टक्के पाणी घेतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर नऊ टक्क्यांपर्यंत. ॲसिटल त्याच हवेत 0.2 टक्क्याच्या आसपास थांबतं आणि बुडवलं तरी एक टक्क्याच्या आत राहतं. नायलॉनमधलं पाणी एक टक्का वाढलं की प्रत्येक माप सुमारे पाव टक्क्यानं वाढतं. 100 मिमीच्या गिअरमध्ये पाणी एकवरून तीन टक्क्यांवर गेलं तर व्यास अर्धा मिलिमीटर वाढतो. दातांमधला बॅकलॅश (मोकळी फट) संपतो, आणि गिअरचा बोअरही (मधलं भोकही) वाढत असल्यानं शाफ्टवरची पकड सैल पडते. एकाच कारणातून या दोन उलट तक्रारी येतात.

बुशचं गणित जरा निराळं आहे. बुश मोकळा असेल तर फुगल्यावर त्याचा बोअर मोठा होतो. स्टीलच्या हाउसिंगमध्ये दाबून बसवलेला असेल तर बाहेर जायला जागा नसते, म्हणून भिंत आत येते. 50 मिमी बोअर आणि 5 मिमी भिंत असेल तर पाण्याच्या त्याच दोन टक्के वाढीत बोअर सुमारे 0.07 मिमी आवळतो. भिंत 12.5 मिमी केली तर तोच आकडा 0.16 मिमीवर जातो. बुशची दोन्ही टोकं कॉलरमध्ये अडकलेली असतील तर याच्या दुपटीपेक्षा जास्त धरा. नायलॉनचा बुश ‘जाड केला म्हणजे मजबूत’ हा समज इथेच फसतो. भिंत पातळ ठेवा, एका टोकाला फुगायला जागा सोडा. 50 मिमी शाफ्टसाठी आम्ही ॲसिटलला 0.25 मिमी आणि नायलॉनला 0.4 ते 0.5 मिमी क्लिअरन्स (शाफ्ट आणि बोअरमधली फट) धरतो.

ॲसिटल घेतलं म्हणजे मापाची चिंता मिटली, असंही नाही. स्टीलच्या साधारण नऊपट वेगानं ते उष्णतेनं फुगतं. तापमान 30 अंशांनी वाढलं तर 50 मिमीवर 0.16 मिमी. नायलॉनही यात फार मागे नाही.

ताकदीच्या आकड्यात एक सापळा आहे. डेटाशीटवर नायलॉन 6 ची ताण-ताकद 75 ते 80 मेगापास्कल दिसते आणि ॲसिटल कोपॉलिमरची 62 ते 65. हे बघून नायलॉन निवडलं जातं. पण तो आकडा ‘ड्राय ॲज मोल्डेड’, म्हणजे मोल्डमधून नुकत्याच निघालेल्या कोरड्या नगाचा असतो. हवेतलं पाणी प्यायल्यावर नायलॉनची ताकद 40-50 वर येते आणि ताठपणा निम्म्याहून खाली जातो. ॲसिटलचे आकडे जवळपास तिथेच राहतात. डेटाशीटवर ‘कंडिशन्ड’ (म्हणजे पाणी प्यायलेल्या नगाचा) रकाना नसेल तर पुरवठादाराकडून मागवून घ्या.

मग नायलॉन घ्यायचं कशाला? धक्क्यासाठी. पाणी प्यायलेलं नायलॉन चिवट असतं. ॲसिटलला खाच सहन होत नाही, धारदार आतला कोपरा मिळाला की तिथूनच तडकतं. त्याला किमान अर्धा मिमी रेडियस हवाच, जागा असेल तर जास्त द्या. धूळ-माती असलेल्या ठिकाणी, म्हणजे ट्रॉलीच्या चाकांना किंवा क्रशरजवळच्या रोलरना, कास्ट नायलॉन बरं: खडा त्यात रुततो आणि शाफ्ट कमी घासला जातो. उलट, स्वच्छ जागी थांबत-चालत फिरणाऱ्या यंत्रणेत ॲसिटल उत्तम, कारण थांबलेल्या आणि चालत्या अवस्थेतल्या घर्षणात त्याच्यात फारसा फरक नसतो आणि झटका बसत नाही. गिअरची जोडी करायची असेल तर एक नायलॉनचा आणि एक ॲसिटलचा ठेवा. ॲसिटलवर ॲसिटल चालवलं तर किंचाळतंही आणि झिजतंही.

डेअरीवाल्यांनी विशेष जपावं. सीआयपीतल्या (यंत्र न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीतल्या) नायट्रिक ॲसिडपुढे दोन्ही हरतात आणि क्लोरीनचं पाणी ॲसिटलला खातं. गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यापुरताच प्रश्न असेल तर ॲसिटल कोपॉलिमर टिकतं, होमोपॉलिमर नाही. ॲसिड येणारच असेल तर भार कमी ठेवून पॉलिप्रॉपिलीन वापरा. सतत 100 अंशांच्या वर तापणाऱ्या जागी हे दोन्ही साधे रॉड बाद. तिथे 30 टक्के काच भरलेलं, उष्णतेला स्थिर केलेलं नायलॉन 66 लागतं. गाड्यांच्या रेडिएटरच्या टाक्या याच प्रकारच्या मटेरियलच्या असतात.

मोल्डिंग करून घेणार असाल तर ‘मोल्ड तोच, दाणा बदलू’ हा विचार सोडा. साध्या नायलॉन 6 चं आकुंचन सव्वा टक्क्याच्या आसपास, ॲसिटलचं दोन टक्क्यांच्या आसपास. 50 मिमीवर जवळपास 0.4 मिमीचा फरक. नायलॉनचा दाणा ड्रायरमध्ये 80 अंशांवर चार तास सुकवून ओल 0.2 टक्क्याखाली आणावी लागते, नाहीतर नगावर चंदेरी रेघा उमटतात आणि नोझल गळतो. नग निघाल्यावर मात्र त्याला पाणी परत द्यायचं: गरम पाण्यात ठेवून 100 ग्रॅमचे 102.5 ग्रॅम झाले की पुरे. हे न केल्यामुळे क्लिप असेंब्लीत काचेसारख्या तुटतात.

ॲसिटलचा धोका बॅरलमध्ये आहे. ते 190 ते 210 अंशांवर चालतं. 230 च्या पुढे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, बॅरलमध्ये दाब वाढतो. नायलॉन संपवून त्याच मशीनवर ॲसिटल लावताना आधी पॉलिथिलीननं बॅरल धुवून काढा, मग तापमान उतरवा, त्यानंतरच दाणा टाका. पीव्हीसीचा अंशही बॅरलमध्ये असेल तर ॲसिटल अजिबात टाकू नका. पीव्हीसीतून निघणारं ॲसिड ॲसिटलचं विघटन भडकवतं आणि नोझलमधून माल उडू शकतो. ॲसिटलची मापं मोल्डिंगनंतर किमान 24 तासांनी घ्या.

लेथवर ॲसिटल सरस: चिप तुटून पडते, फिनिश येतो. नायलॉनची लांब दोरी टूलला गुंडाळते. त्याला धारदार, कोटिंग नसलेलं टूल आणि हवेचा झोत द्या, रफ कट घेऊन एक दिवस ठेवा, मग फायनल माप काढा. होमोपॉलिमर ॲसिटलच्या जाड रॉडच्या मध्यभागी पोकळ रेघ असू शकते. तिथे दात किंवा सील फेस येत असेल तर ऑर्डरमध्ये कोपॉलिमर असंच लिहा.

भाव विचारताना घनता विसरू नका. नायलॉन 1.14, ॲसिटल 1.41 ग्रॅम प्रति घन सेंमी. किलोचा दर सारखा असला तरी ॲसिटलचा तोच नग सुमारे 24 टक्के महाग पडतो. आलेला माल तपासायलाही हीच घनता उपयोगी पडते. रंगावर जाऊ नका, दोन्ही पांढरे आणि काळे मिळतात. 50 मिमी व्यासाचा, 100 मिमी लांब तुकडा कापून काट्यावर ठेवा: नायलॉन 224 ग्रॅमच्या आसपास, ॲसिटल 277 च्या आसपास. 180 ग्रॅमच्या आसपास भरला आणि पाण्यावर तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन आहे. बिल काहीही म्हणो, परत पाठवा.