डीव्हीआरची हार्ड डिस्क बदलली : अकोल्याचा एक उन्हाळा काढल्यावर

आमच्या आठ चॅनेलच्या डीव्हीआरमध्ये (घराच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) २ टीबीची डब्ल्यूडी पर्पल, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीची खास हार्ड डिस्क, बसवली ती फेब्रुवारीत. तेव्हाच लिहिण्यात अर्थ नव्हता, अकोल्यात फेब्रुवारीत कुठलीही डिस्क छानच चालते. आता मे गेला, पावसाळ्यातलं लाइटचं येणं-जाणं झालं, दिवाळीही उरकली. बोलायला हरकत नाही.

आधी जुनी कशी गेली ते सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. डीव्हीआर चालू केला की कंपनीचा लोगो यायचा आणि परत रीस्टार्ट. कान लावला तर आत डिस्क घुंऽऽ करत वेग घ्यायची, टक-टक, टक-टक, मग शांत. पुन्हा घुंऽऽ. कॅमेरेवाल्याने फोनवरच निकाल देऊन टाकला, "साहेब, बोर्ड गेला. आता नवाच घ्या." झाकण उघडून डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या आणि डिस्कशिवाय डीव्हीआर चालू केला, तर चारही कॅमेरे स्क्रीनवर हजर! बोर्ड ठणठणीत होता. संशय उरला डिस्कवर आणि अडॅप्टरवर. फिरायला सुरुवात करताना डिस्क सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर थकलेला असेल तर चांगली डिस्कसुद्धा अशीच टकटक करते. म्हणून आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, मग डिस्कला दोष द्या. आमच्याकडे अडॅप्टर बदलूनही फरक पडला नाही. डिस्क पीसीला जोडली, अडखळत एकदाची दिसली, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा बघूनच आशा सोडली. (पीसीला लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का' विचारतं. डीव्हीआरची लिहिण्याची पद्धत त्याला कळत नाही, एवढंच. जुनं रेकॉर्डिंग हवं असेल तर तिथे 'नाही' म्हणा.)

बसवणं अगदी सोपं. खालून चार स्क्रू, दोन वायरी, मग मेनूत जाऊन इनिशियलाइज, म्हणजे डीव्हीआर नवी डिस्क पुसून आपल्यासाठी तयार करून घेतो.

आता पर्पलच का? खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. तिची लिहिण्या-वाचण्याचा भार सोसायची क्षमता वर्षाला १८० टीबी, साध्या डेस्कटॉप डिस्कची साधारण ५५. आमचे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चोवीस तास लिहितात, म्हणजे दिवसाला ८६ जीबी, वर्षाला जेमतेम ३२ टीबी. या हिशेबाने साधीही पुरली असती. पण साधी डिस्क खराब सेक्टर आला की तोच वाचायचा हट्ट धरून बसते. कॅमेऱ्यासाठीची डिस्क त्यात अडकत नाही, एखादी फ्रेम सोडते आणि पुढे लिहीत राहते. शिवाय तीन वर्षांची वॉरंटी. अर्थात ती डिस्कची, रेकॉर्डिंगची नव्हे.

खरा फरक मात्र जागेने पडला असं माझं मत आहे. जुनी माळ्यावर, पत्र्याखाली बंद कपाटात भाजत होती. आता डीव्हीआर हॉलमधल्या उघड्या फळीवर आहे. भर मे महिन्यात दुपारी डिस्कचं तापमान ५२ अंशांपर्यंत गेलेलं पाहिलं. कंपनीची मर्यादा ६५ ची आहे. माळ्यावर हीच पर्पल किती टिकली असती याची मला शंकाच आहे. सोबत एक छोटा यूपीएस लावलाय, लाइट गेली तरी रेकॉर्डिंग तुटत नाही. रात्री सामसूम झाली की बारीक खरखर ऐकू येते, त्याचा त्रास नाही.

घेताना जपा. जुन्या डिस्क पुसून-पासून नव्या म्हणून विकल्या जातात. आल्या आल्या पीसीला लावून पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते, बघा, आकडा शून्याजवळ हवा. सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटीही तपासा.

राग आहे तो डीव्हीआरवर. डिस्क मेली तरी कित्येक डीव्हीआर लाइव्ह चित्र दाखवतच राहतात, आणि घरचे समजतात सगळं नीट चाललंय. मेनूत डिस्क एररचा बझर असतो, आमच्यात तो आधीपासून बंदच होता. तो चालू करा, आणि अधूनमधून कालचं रेकॉर्डिंग लावून बघत जा.

तक्रार म्हणाल तर जागेची. २ टीबीत तेवीस दिवस मावतात, मग जुन्यावर नवं चढतं. गावाला महिनाभर जाणाऱ्यांनी सरळ ४ टीबी घ्यावी, पण त्याआधी आपला डीव्हीआर तेवढी डिस्क घेतो का ते मॅन्युअलमध्ये बघून.