भाचीच्या रायफल क्लासचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ मारल्यापासनं कोल्हापुरात ज्याला त्याला पोरगं शूटिंगला घालायचंय, आमच्या ताईनं पण लेकीला घातलं. सोडायचं-आणायचं काम मामाकडं, म्हणून हा रिव्ह्यू. क्लासचं नाव टाकत नाही, कारण थोडी कुरकुर पण करणाराय.

रेंज १० मीटरची, एसी नाही, त्यात ते जाडजूड जॅकेट चढवलं की मे महिन्यात पोरं निथळत असत्यात. निम्म्या लेनला इलेक्ट्रॉनिक टार्गेट, बाकीच्यांना अजून कागदच. रायफल सुरुवातीला क्लासची मिळते पण पेलेटचे (छर्‍यांचे) पैसे वेगळे, हे ॲडमिशनवेळी कोण बोलत नाही.

आता सर. माणूस लई भारी. पालकांच्या मीटिंगला एकानं विचारलं ऑलिंपिकला किती वर्षं लागतील, सर म्हणाले आधी सांगा पोरगं शाळेत जातंय का रोज. भाची पोहायला पण जाते, मला वाटलं ते बंद करायला लावतील, तर उलट म्हणाले चालू ठेवा, एवढ्या वयात एकाच खेळाला जुंपलं की पोरं लवकर कंटाळतात. शॉट का चुकला ते पोरांनीच वहीत लिहायचं, पालकांनी मागनं सूचना द्यायला बंदी (एक काका तरी पण खुणा करत असतात, असो).

नोकरीचं पण ते उघड बोलतात, हे मला पटलं. कुसाळे २०१५ पासनं रेल्वेत, नेमबाज राही सरनोबत उपजिल्हाधिकारी, वीरधवल खाडे २००८ ला बीजिंगला पोहला आणि पुढं तहसीलदार झाला. तिघं आपल्याच जिल्ह्यातले. आणि आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले पैलवान खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीचं ब्राँझ आणलं तरी पोलिसात नोकरी लागायला १९५५ उजाडलं. आता सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि इथंच या क्लासचं ऑफिस एकदम ढिलं. स्पर्धेची कागदं मागायला गेलं की उद्या या, साहेब नाहीत, प्रिंटर बंद. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी एका पोराची आई रडकुंडीला आलेली मी बघितलीय. सर एवढं शिकवतात आणि कागदांच्या कपाटाची किल्ली कुणाकडंय ते कुणाला माहीत नाही, अर्धा स्टार तिथंच कापला.

घालणार असाल तर सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी लेन मिळत नाही, आणि प्रत्येक सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.