लंडनचे फ्रीमेसनरी संग्रहालय : माणूस घडवण्याच्या एका पद्धतीचे दालन

लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवर, होबर्न स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, फ्रीमेसन्स हॉल ही आर्ट डेको शैलीतील भव्य इमारत उभी आहे आणि तिच्यातच फ्रीमेसनरीचे, म्हणजे गवंडीकामाच्या रूपकांतून सदाचरण शिकवणाऱ्या बंधुसंघटनेचे, संग्रहालय आहे. गुप्त खुणा आणि कटकारस्थाने यांच्या शोधात येणाऱ्याची येथे निराशा होईल. मात्र एखादी संस्था चारचौघांसारख्या गृहस्थांना हाताशी धरून वर्षानुवर्षे कशी घडवते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने या संग्रहालयाला सवडीने भेट द्यावी. प्रवेश विनामूल्य आहे.

संग्रहातील एप्रन, पदके आणि चित्रफलक प्रथमदर्शनी नुसते शोभेचे वाटतात. त्यांचा अर्थ लॉजच्या (फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेच्या) कामकाजाशी जोडून पाहिला तरच लागतो. फ्रीमेसनांची सारी परिभाषा गवंड्याच्या व पाथरवटाच्या हत्यारांवर उभी आहे. नव्या सभासदापुढे एक अनघड आणि एक घडीव असे दोन दगड असतात आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास त्याने स्वतःच्या स्वभावात करावा, अशी अपेक्षा असते. पहिल्या पायरीवर त्याला २४ इंची मोजपट्टी, हातोडा आणि छन्नी यांचा अर्थ सांगितला जातो; मोजपट्टीचे २४ इंच म्हणजे दिवसाचे २४ तास, जे प्रार्थना, श्रम व विश्रांती आणि गरजूची मदत यांत वाटायचे. गुण्या, पाणसळ आणि ओळंबा दुसऱ्या पायरीवर येतात.

उपदेश म्हणून यात नवे काही नाही, हे मान्य करायला हवे. वेगळी आहे ती शिकवण्याची रीत. दीक्षेच्या वेळी उमेदवाराजवळचे पैसे व धातूच्या वस्तू आधीच काढून घेतात, त्याला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभे करतात (वास्तुशास्त्र मानणाऱ्यांना हा कोपरा ओळखीचा वाटेल, येथे तो इमारतीचा पायाचा दगड बसवण्याचा कोपरा आहे) आणि सर्वांसमक्ष दानासाठी काही देण्यास सांगतात. द्यायला त्याच्याजवळ काहीच नसते. तो ओशाळतो, आणि मग त्याला सांगितले जाते की पुढे कोणी बंधू अडचणीत भेटला तर हा क्षण आठव. दानधर्मावरील कितीही व्याख्याने ऐकली, तरी त्यांतून हे साधले नसते.

दुसरे साधन म्हणजे पाठांतर आणि पाळीपाळीने येणारी पदे. इंग्लंडमधील लॉजमध्ये सभासद दाराच्या आतल्या रक्षकापासून सुरुवात करून डीकन, कनिष्ठ व वरिष्ठ वॉर्डन अशा जागांवरून साधारणपणे दरवर्षी एकेक पायरी चढतो आणि शेवटी वर्षभरासाठी मास्टरच्या, म्हणजे लॉजप्रमुखाच्या, खुर्चीवर बसतो. प्रत्येक पदाचे संवाद तोंडपाठ म्हणावे लागतात. याच इमारतीत भरणाऱ्या, १८२३ साली स्थापन झालेल्या इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंटमध्ये एखादा विधी एकही चूक न करता पार पाडणाऱ्याला चांदीची काडेपेटी देण्याची प्रथा आहे. चारचौघांत उभे राहण्याची भीती असलेला मनुष्य या क्रमातून सभा चालवायला शिकतो. खुर्ची सोडल्यावर पुन्हा बाकावर बसायलाही शिकतो, आणि हे दुसरे शिक्षण मला अधिक मोलाचे वाटते. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असल्यामुळे मतभेद असलेली माणसेही एकत्र टिकतात.

अर्थात दगड घडवण्याआधी तो निवडला जातो. काळ्या-पांढऱ्या गोळ्यांनी होणाऱ्या गुप्त मतदानात बंधुत्वाच्या मर्यादा उघड होतात. मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजी यांना पॅरिसमध्ये दीक्षा मिळाली, पण मुंबईतील युरोपियनांच्या लॉजने त्यांना घेतले नाही. त्यानंतर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या (लॉजांवरील मध्यवर्ती संस्थेच्या) अधिकाराखाली, भारतीयांसाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज मुंबईत निघाले. समतेची पाणसळ हाती धरणाऱ्यांना तिचा अर्थ लावायलाही वेळ लागला, एवढे यावरून दिसते.

सध्याची इमारत १९२७ ते १९३३ या काळात, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ३,२२५ फ्रीमेसनांचे स्मारक म्हणून बांधली गेली. त्या वेळचे ग्रँड मास्टर, म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे प्रमुख, ड्यूक ऑफ कॅनॉट हे पूर्वी मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. सुमारे १,७०० आसनांचे ग्रँड टेंपल आणि त्याचे प्रत्येकी सव्वा टनाचे कांस्य दरवाजे मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीत पाहावेत. तेथे कार्यक्रम असल्यास दालन बंद असू शकते, म्हणून आधी चौकशी करून जावे.

संग्रहालयाची मर्यादा विषयातच आहे. काचेआडच्या एप्रनवरून तो नेसणारा किती बदलला, हे कळत नाही, आणि वर्षानुवर्षे खुर्च्या बदलूनही जसाच्या तसा राहिलेला सभासद कोणत्याच कपाटात मांडता येत नाही. शिवाय या इमारतीत मुख्यालय असलेली इंग्लंडची युनायटेड ग्रँड लॉज आजही केवळ पुरुषांना प्रवेश देते. स्त्रियांच्या स्वतंत्र संघटना विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. लॉजमध्ये जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकाने मात्र या भेटीवर निर्णय सोडू नये. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ पासून कार्यरत आहे, आणि आपल्या गावच्या लॉजमधील माणसांना भेटणे हाच खरा परिचय ठरेल.