हिवाळी पावसासाठी ताडपत्री: १२ बाय १८, २०० जीएसएम

मुंबईत ताडपत्रीचा बाजार मे महिन्याचा. लोहार चाळीपासून मस्जिद बंदरापर्यंत निळ्या-पिवळ्या थप्प्या लागतात, लोक गच्चीसाठी, पत्र्यासाठी, दुकानाच्या पुढ्यासाठी फुटावर मापून नेतात, आणि जून लागला की गर्दी ओसरते. मी ताडपत्री दिवाळीच्या आसपास घेते. आमची पाऊण एकर जमीन पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आहे. तिथे दादा-वहिनी राहतात, मी काळाचौकीला. शेताचं सामान मुंबईतून घेऊन जाणं माझ्याकडे. हे लिहिते आहे ते त्यातल्या एकाच वस्तूबद्दल: एचडीपीईची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची विणलेली, दोन्ही अंगांनी लॅमिनेशन केलेली ताडपत्री, १२ बाय १८ फूट, २०० जीएसएम (हे वजनाचं माप, पुढे सांगते), पिवळी. २०२३च्या अवकाळीनंतर एकदम दोन घेतल्या, नागदेवी स्ट्रीटजवळच्या एका जुन्या दुकानातून. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या वापरात आहेत.

आमच्याकडे भात म्हणजे वाडा कोलम, गावात त्याला झिणी म्हणतात. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वास आणि चव दोन्ही मोठी, पण हे भात उशिरा तयार होतं. हळवी, म्हणजे लवकर येणारी भातं दिवाळीच्या सुमाराला घरात आलेली असतात, तेव्हा आमची मोळी शेतात असते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस नेमका आम्हालाच गाठतो. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा मुंबईत शाळांना सुट्टी होती, एवढंच शहराच्या लक्षात राहिलं. १ डिसेंबर २०२१ला दिवसभर पाऊस लागला. २६ नोव्हेंबर २०२३ला तर ठाणे-पालघरपासून नाशिकपर्यंत पडला, नाशिककडे गारा पडल्या. कापलेलं भात भिजलं की मोळीतच कोंब फुटतात. कोंब नाही फुटले तरी भिजून-वाळून दाण्याला आतून चिरा जातात, आणि गिरणीत तांदळाची कणी होते. सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंतच ओल चालते. त्याच्या वर गेलं की पोती परत घरी.

हे सगळं आधी सांगितलं, कारण हिवाळ्यातली ताडपत्री पावसाळ्याच्या मापाने घेता येत नाही. पावसाळ्यात ती एकदा घट्ट बांधली की चार महिने तिथेच राहते. हिवाळ्यात पाऊस बहुतेकदा संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि सकाळी लख्ख ऊन पडतं. रात्री धावत जाऊन झाकायचं आणि सकाळी आठच्या आत उघडायचं. उघडायला उशीर झाला तर उडवीत, म्हणजे मोळ्यांच्या रचलेल्या ढिगात, वाफ धरते, हात आत घातला तर कोमट लागतं, आणि दोन दिवसांत पेंढा काळा पडून बुरशी येते. तो पेंढा गाय तोंडातही घेत नाही. पावसाने वाचलेलं भात झाकणीने कुजवलं, असं गावात दरवर्षी कुणाच्या तरी घरी होतं. म्हणून या मोसमात ताडपत्रीचा खरा गुण एकच धरावा: ती किती लवकर पडते आणि किती लवकर निघते.

इथे जीएसएम समजून घेतला पाहिजे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. १८ बाय २४ची ताडपत्री सुमारे ४० चौरस मीटर भरते. २०० जीएसएमला तिचं वजन ८ किलो होतं. २४ बाय ३०ची तर तेरा किलोच्या वर जाते, आणि हे कोरडं असताना. वरच्या घडीत पाणी साचलं की एक माणूस ती हलवू शकत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशोब केला की खोलगट पडलेल्या कापडावर काय होत असेल ते कळतं. १२ बाय १८ची भरते २० चौरस मीटर, वजन ४ किलो. आमची वहिनी पन्नाशीची आहे, कंबर दुखते, आणि दादा रात्री पाणी सोडायला दुसऱ्या टोकाला असतो. पहिल्यांदा तिने ती एकटीने उडवीवर टाकली तेव्हा मला फोन करून म्हणाली, "वन्सं, ही मला एकटीला उचलते. आता असलीच आणा." माझ्या मते या वस्तूची याहून मोठी पावती नाही. दोन लहान ताडपत्र्या एकीवर एक दोन हात चढवून टाकल्या की एका मोठीचं काम होतं, आणि एक फाटली तरी दुसरी हाताशी राहते.

मग आणखी हलकी, १२० जीएसएमची का नको? ती दादाने आठवडी बाजारातून आणली होती, माझ्या या दोन येण्याआधी. विणीच्या पट्ट्या पातळ, वाऱ्याने फडफडून कडेची भोकं फाटली. त्याहून वाईट पुढचं. उन्हाने ती चुरायला लागली आणि तिचे निळे पापुद्रे पेंढ्यात मिसळले. वहिनी संध्याकाळभर बसून पेंढ्यातून ते वेचत होती, कारण ते गाईच्या पोटात गेले तर गाय जायची. जनावरं असलेल्या घरात स्वस्त ताडपत्री कुणी घेऊच नये, असं मी अगदी ठासून सांगेन. घेताना उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का ते विचारा. एचडीपीई ताडपत्रीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७९०३. त्याचा शिक्का असेल तर उत्तम.

आमच्या पिवळ्या दोन्हींचे पापुद्रे अजून सुटलेले नाहीत. घडीवर पांढरट रेघा उमटल्यात, पण पाणी आत येत नाही. पिवळ्या रंगाचा एक फायदा वापरल्यावर कळला. एक ताडपत्री पावसाच्या दिवसांत गोठ्याच्या पश्चिमेच्या अंगाला बांधली जाते, झड आत येऊ नये म्हणून. तिच्यातून उजेड येतो, त्यामुळे दिवसा धार काढायला दिवा लागत नाही. हिवाळ्यातली झड पावसाळ्यातल्यापेक्षा जनावरांना जास्त बाधते, कारण तिच्यासोबत गारठा असतो. शेळ्या खोकायला लागतात, कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा होऊन अंडी थांबवतात. गोवऱ्या वाळत नाहीत, सरपण धुमसतं, सारवलेल्या खळ्याचा चिखल होतो आणि ते उन्हात सुकवून पुन्हा सारवावं लागतं. वालाच्या शेतात ढगाळ हवेने मावा पडतो, आंब्याचा मोहोर लागला असेल तर त्यावर भुरी येते. त्यांना ताडपत्रीचा काही उपयोग नाही. पण पेंढा, भात आणि जनावरं एवढं कोरडं राहिलं तरी घराचं वर्ष निघतं.

उणिवाही लिहिते. कडेच्या रिंगा अ‍ॅल्युमिनियमच्या, तीन-तीन फुटांवर आहेत. गंजत नाहीत, पण ओढ बसली की वाकतात. पितळी असत्या तर पन्नास रुपये जास्त दिले असते. चारी कोपऱ्यांना जोडठिगळ आहे, मधल्या रिंगांना नाही, आणि आमची एक रिंग मधलीच सुटली. आम्ही तिथे लहानसा गोल खडा कापडात धरून बाहेरून सुतळीने आवळला आणि त्या गाठीला दोरी बांधली. हे बांधकाम अजून टिकून आहे. कडेतून ओवलेली दोरी बारीक आहे. मापही छापलंय तेवढं पूर्ण भरत नाही, कड दुमडण्यात काही इंच जातात, तेव्हा उडवीचं माप काढताना फूटभर सैल धरा.

पर्याय म्हणून दुकानात सिल्पॉलिनही दाखवली. ती विणलेली नसते, आडवे-उभे थर चिकटवलेली फिल्म असते. हलकी आणि चिवट, वाऱ्यात आवाजही कमी. पण पेंढ्याच्या उतारावरून ती सरकते, असं आमच्या शेजाऱ्यांकडे पाहिलंय. सपाट शेडवर टाकायची असेल तर मी तीच घेईन. सुती कॅनव्हासची तरपाल हवा खेळती ठेवते, त्यामुळे वाफ धरत नाही, पण भिजली की दोघांनाही आवरत नाही.

दुकानाबद्दल माझं मत चांगलं आहे, आणि ते एका गोष्टीमुळे. मी जीएसएमची खात्री विचारली तर मालकांनी घडी सरळ काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, छापलेलं वाचू नका, वजन बघा." लांबीला रुंदीने गुणायचं, चौरस फुटांना १०.७६ने भागायचं आणि जीएसएमने गुणायचं, म्हणजे ग्रॅम येतात. आमची ३ किलो ९००च्या वर भरली. कड आणि रिंगा धरून एवढी घट मला चालण्यासारखी वाटली. जो दुकानदार वजन करायला कां-कूं करेल तिथून उठून पुढच्या दुकानात जा, त्या गल्लीत दुकानांची वानवा नाही. मला तेव्हा एकेक ताडपत्री हजार-अकराशेला पडली. घासाघीस थोडी होते, दोन घेतल्या तर नायलॉनची दोरी वर मिळते, पण ती मागावी लागते.

नेण्याचं म्हणाल तर दोन्ही घड्या एका गोणीत मावतात. दुपारी बाराच्या आधी मस्जिदहून लोकल पकडली तर गाडीला गर्दी नसते, ठाण्याला उतरून वाड्याची एसटी. कंडक्टर मागच्या सीटखाली ठेवू देतात. रविवारी दुकान बंद असतं, शनिवारी दुपारनंतर गल्लीत हातगाड्यांतून वाट काढणं कठीण होतं, म्हणून जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. आणि नोव्हेंबर उजाडायच्या आत जा. अवकाळीचा अंदाज आला की भिवंडीपासून वाड्यापर्यंत सगळे एकाच वेळी ताडपत्री शोधायला लागतात आणि मग १२० जीएसएमच तेवढी उरते.